खवट दाणा

"मादी सदोष आहे, एवढंच लिवा. शिक्का मारा आणि च्या घ्या," आण्णा म्हणाले.

"मादी सदोष नाही," मी तिसऱ्यांदा सांगितलं.

"मग हे काय हाय?"

त्यांनी पायाशी बसलेल्या पिल्लाची मानगूट धरून ते माझ्या तोंडासमोर धरलं. पिल्लू चार महिन्यांचं होतं आणि दीड महिन्याचं दिसत होतं. अंगावर अजून जन्माची मऊ लोकर, मानेभोवती केस विरळ झालेले, तोंड कोल्ह्यासारखं निमुळतं. त्याची पाच भावंडं अंगणात धुडगूस घालत होती आणि एकेकाचं डोकं आण्णांच्या गुडघ्याला लागत होतं. हे मात्र हवेत पाय हलवत माझ्याकडे आनंदानं बघत होतं. आपल्यावरून भांडण चाललंय हे त्याच्या गावीही नव्हतं.

मी तेव्हा एकतीस वर्षांची होते. कृष्णाकाठच्या त्या गावात जनावरांच्या सरकारी दवाखान्यात येऊन मला दीड वर्ष झालं होतं, आणि दीड वर्षात गावानं मला 'डॉक्टर' म्हणायचं काही मनावर घेतलं नव्हतं. अडलेलं रेडकू खांद्यापर्यंत हात घालून ओढून काढलं, तरी मी आपली 'डॉक्टरीणबाई'. त्यात आण्णा डुबल म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. ऊस, द्राक्षबाग आणि अल्सेशियन कुत्री. त्यांच्या सुलताननं श्वानप्रदर्शनांत जिंकलेले चषक दिवाणखान्याच्या कपाटात, देवांच्या तसबिरींच्या वरच्या फळीवर होते. देव खालच्या फळीवर.

"आण्णा, ही मादी, ज्युली, तुम्ही कुठून आणली?"

"मेव्हण्याकडनं. वसंतरावांकडनं. आणि कुठनं आणणार? चांगलं रक्त त्याच घरात."

"ती सुलतानची कोण लागते?"

"सुलतानच्या सख्ख्या बहिणीची लेक. सुलतानबी तिथलाच." हे त्यांनी अभिमानानं सांगितलं. "म्हंजे मामाच की. रक्त घरातल्या घरात फिरलं की शुद्ध ऱ्हातंय. भाईरचं मिसळलं की बाद."

"आणि तिच्याआधीची डायना?"

"ती ज्युलीची थोरली बहीण. तिनंबी आसलंच एक टिचभर काढलं, म्हणून धाडली परत. आता ही. आवं, जमीन खारी निघाली तर बेणं काय करणार?"

मी डोक्याला हात लावला. तासभर मी या माणसाशी बोलत होते आणि गाडी फिरून फिरून खाऱ्या जमिनीवर येत होती. आधी त्यांनी जंतांना दोष दिला, मग पिल्लाचं दूध दुसऱ्यानं पळवल्याला, मग ज्युली ग्रहणात अंगणात हिंडली होती त्याला. सगळं झालं. सुलतानचं नाव मात्र घ्यायचं नाही.

"आण्णा, तुमच्या उसाचं बेणंच रोगट असलं तर रान बदलून उपयोग होतो का?"

"बेणं माझं चषक जिंकलेलं हाय!"

ओट्याच्या कडेला आण्णांची सून, संजीवनी, सूप घेऊन शेंगा फोडत बसली होती. चहा तिनंच आणून ठेवला होता आणि तो माझ्यासमोर गार होत होता. मी तावातावानं उठले आणि तिच्या सुपातले मूठभर दाणे उचलून आण्णांच्या समोर फरशीवर मांडले.

"हे बघा. प्रत्येक कुत्र्याजवळ अंग वाढायचे दोन दाणे असतात. एक बापाकडून आलेला, एक आईकडून. दोनांतला एक चांगला असला की काम भागतं. हा सुलतान. ह्याचा एक दाणा चांगला आणि एक खवट. बघून कळतंय का कुठला खवट ते?"

"न्हाई. सारखंच दिसत्यात."

"तेच सांगतेय. तो दिसायला राजबिंडा, धडधाकट. ज्युलीचंही तसंच. एक चांगला, एक खवट. ती पण धडधाकट. आता पिल्लाला बाप एक दाणा देणार, आई एक देणार. कुठला, ते नशीब. दोन चांगले गेले, उत्तम. एक चांगला एक खवट, तरी पिल्लू छान वाढणार. पण दोघांकडूनही खवटच गेला, की वाढीचा रस मेंदूखालच्या ग्रंथीत तयारच होत नाही. की झालं हे." मी पिल्लाकडे बोट दाखवलं. "एकट्या ज्युलीकडे खवट दाणा असून हे होऊच शकत नाही. सुलतानचा पण लागतो. आणि दोघं एकाच घरातली म्हटल्यावर एकच खवट दाणा दोघांच्या वाट्याला येणं किती सोपं!"

आण्णा दाण्यांकडे बघत राहिले. क्षणभर मला वाटलं, उजेड पडला. मग त्यांनी सुलतानचे दोन्ही दाणे उचलले, तोंडात टाकले आणि चावत म्हणाले, "दोनीबी चांगलं हायती."

कपाळ माझं!

"रविवारी वसंतराव येणार हायती, पाव्हणं घिऊन," ते पुढं म्हणाले. "त्येंच्या हातात कागद द्यायचाय, म्हंजे तोंडातनं शब्द काढायचं न्हाईत. ज्युली त्याच गाडीतनं जाईल. आणि..." त्यांनी सुनेच्या दिशेनं हात केला, "ह्या मायलेकीबी त्याच गाडीतनं जातील."

शेंगा फुटायचा आवाज थांबला. मला वाटलं, माहेरपणाला जात असेल. खरं तर मला काहीच वाटलं नाही. माझं डोकं त्या कागदापायी तापलेलं होतं.

"कागद पाहिजे ना तुम्हाला? देते!"

मी पॅड काढलं आणि एका दमात लिहिलं. अक्षर मात्र सुवाच्य काढलं, मुद्दाम. ते मला अजून पाठ आहे. 'सदर पिल्लाच्या खुरटेपणाचा दोष नर व मादी या दोघांकडून सारखाच आलेला आहे. दोघेही दिसण्यास निरोगी आहेत. एकट्या मादीस जबाबदार धरणे चूक आहे व तिला परत पाठवून दोष जाणार नाही. मादी परत पाठवावयाची असल्यास नरासही सोबत पाठवावे.' शेवटचं वाक्य शास्त्रात बसत नव्हतं, पण माझ्या रागात फार छान बसलं. सही केली, शिक्का मारला.

आण्णांनी तो चष्मा लावून वाचला. कान लाल झाले. कागदाचा बोळा करून त्यांनी तो सुनेच्या पुढ्यात फेकला. "चुलीत घाल हे."

"मी खोटं लिहून देत नाही, आण्णा. माणसांना नाही आणि कुत्र्यांनाही नाही."

"मग त्या टिचभराला सुई तर मारा!"

"ते मरायला टेकलेलं नाही. मी कशाला मारू?"

"तर मग घिऊन जावा तुमच्या घरी!"

"नेते!" मी म्हणाले. आपण काय बोलून बसलो ते मला स्कूटरपाशी पोचल्यावर कळलं. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, घरमालकीण मांजरसुद्धा उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही, आणि मी निघाले होते अल्सेशियन घेऊन. छोटा का होईना.

संजीवनी पिल्लाला पोचवायला फाटकापर्यंत आली. ते पिल्लू तिच्या मुलीनं छातीशी धरलं होतं आणि ते तिचे गाल चाटत होतं. माझा राग अजून कुणावर तरी निघायचाच होता.

"अहो, दोन वर्षांचं लेकरू ते, त्याच्या तोंडाला काय तोंड लावू देताय? जंत होतील!"

मुलीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "मी दोन वर्षांची नाही. मला पाच पूर्ण झाली," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण एक शब्द बोबडा नव्हता. "मला शंभरपर्यंत येतात. ह्याचं नाव बाळ्या आहे. तुम्ही बदलू नका."

पाच!

सकाळपासून दीड तास मी ओट्यावर बसून घसा ताणून सांगत होते की चार महिन्यांचं दीड महिन्याचं दिसतंय, खुरटलंय, वाढणार नाही. शेंगा फोडत तिची आई सगळं ऐकत होती. इतकी लाज मला नोकरीत पुन्हा वाटली नाही.

"ताई," संजीवनी म्हणाली, "तो दाण्यांचा हिशेब माणसाला पण लागू होतो का?"

"मी जनावरांची डॉक्टर आहे," मी म्हणाले. वाक्य तोंडातून बाहेर पडताच माझी मलाच चीड आली. "होतो. कधी कधी होतो. तुमचे मिस्टर तुमच्या नात्यातले?"

"माझ्या आत्याचे. वसंतराव माझे वडील." ती फाटकाची कडी उघड-मीट करत होती. "आत्या होत्या तोवर कुणी बोललं नाही. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. आता मामंजी म्हणतात, ह्या घरात खुरटलेली पोर जन्मलीच नव्हती, खोट तुझ्यात. रविवारी बैठक आहे. मला धाडून द्यायचं आणि ह्यांचं दुसरं बघायचं."

"तुमचे मिस्टर काय म्हणतात?"

"काही म्हणत नाहीत. ते कधीच काही म्हणत नाहीत." मग तिनं एकदम विचारलं, "औषध असतं?"

"कुत्र्यासाठी अवघड आहे, मिळत नाही. माणसासाठी मिळतं, इंजेक्शनं असतात, रोज घ्यायची. पण नीट ऐका. बुटकी मुलं सगळीच त्या आजाराची नसतात. तपासावं लागतं. मिरजेला मुलांच्या हार्मोनचे डॉक्टर आहेत. आजवर कुणाला दाखवलं?"

"गावातल्या डॉक्टरांना. टॉनिक दिलं त्यांनी."

"टॉनिक!" मी ओरडले. गिरिजा, म्हणजे ती मुलगी, दचकली. बाळ्या भुंकला. "रविवारची वाट बघू नका. बैठक गेली खड्ड्यात. उद्या जा."

"एकटी कशी जाऊ?" तिनं पदराच्या गाठीतून तो बोळा काढला आणि फाटकाच्या खांबावर ठेवून तळहातानं सरळ केला. "हा मी ठेवू का?"

"अहो, तो कुत्र्याचा कागद आहे."

"असू दे," ती म्हणाली.

मी तिला अजून काही सांगायला हवं होतं. आण्णांकडे परत जायला हवं होतं. मी बाळ्याला पिशवीत घातलं आणि घरगुती भानगड आहे, आपण पडू नये, असं मनाशी म्हणत स्कूटरला किक मारली. ती सहाव्या किकला सुरू झाली.

सोमवारी सकाळी मी एका शेळीच्या कासेला मलम लावत होते, तेवढ्यात आण्णा दवाखान्यात शिरले. शेळीची मालकीण त्यांना बघून शेळीसकट भिंतीला चिकटली.

"तुमच्या कागदानं माझं घर फुटलं!"

"काय झालं?"

"काय झालं? माझ्या बैठकीत, माझ्या पाव्हण्यांच्या पुढं, माझी सून दाणं घिऊन मधी बसली! जिनं सात वर्सांत माझ्यापुढं मान वर केली न्हाई, ती! हा दाणा माझा, हा ह्यांचा, हा चांगला, हा खवट. वसंतराव तर आ वासून बघतंय. सगळी म्हातारी माणसं गुडघ्यावर हात ठिवून वाकून बघत्यात. आन मग तिनं तुमचा कागद वाचला. शिक्क्यासकट!"

"तो कुत्र्याचा होता, आण्णा."

"त्येच म्हणलो मी! कुत्र्याचा कागद माणसाला कशापायी, म्हणलो. तर ती म्हणती, 'मामंजी, ज्युलीला आन मला तुम्ही एकाच गाडीत बसवताय, मग कागदबी एकच चालंल.'" आण्णा दम खायला थांबले. शेळीच्या मालकिणीनं तोंडाला पदर लावला. "आन शेवटची वळ वाचली. नरासही सोबत पाठवावे. त्यावर माझा विक्रांत उठला. आवं, त्या पोरानं लगीन ठरवताना तोंड उघडलं न्हवतं. उठला, आत गेला, पिशवी भरली आन जीपमधी जाऊन बसला. पोरीला मांडीवर घेतली. 'मिरजेला दाखवून येतो,' म्हणला. गेला सासऱ्याच्या दारात!"

मला हसू येत होतं. मी मलमाची बाटली बंद केली.

"आणि ज्युली?"

"ज्युली ऱ्हायली," ते चिडून म्हणाले. "गाडीत जागा कुठं हुती?"

माझ्याविरुद्ध वरती अर्ज करीन, बदली करीन, असं बरंच काही बोलून ते गेले. अर्ज त्यांनी खरंच केला. चौकशी झाली. 'शासकीय प्रमाणपत्रात अनावश्यक मजकूर' अशी मला लेखी समज मिळाली. चुकीचा मजकूर असं मात्र कुणाला लिहिता आलं नाही.

पुढचं इथंच सांगून टाकते. मिरजेत तपासण्या झाल्या. गिरिजाच्या अंगात वाढीचा रस बनत नव्हता. इंजेक्शनं सुरू झाली, रोज संध्याकाळी एक, आणि ती विक्रांत द्यायचा. संजीवनी मला पत्रानं कळवायची, दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं केलेल्या खुणांचे आकडे. पहिल्याच वर्षी मुलगी चौकटीवर अकरा सेंटिमीटर चढली. बाळ्या माझ्याकडे साडेचार वर्षं जगला. मी थायरॉइडच्या गोळ्या देत राहिले, हिवाळ्यात स्वेटर घालत राहिले, घरमालकीण त्याला चोरून भाकरी घालत राहिली. तो शेवटपर्यंत मांजराएवढाच राहिला आणि शेवटी त्याची मूत्रपिंडं गेली. गिरिजा आता कॉलेजात आहे. मागच्या दिवाळीत आली तेव्हा माझ्यापेक्षा दोन बोटं उंच निघाली, आणि ते तिनं मला भिंतीशी उभी करून मोजून दाखवलं.

पण मला सांगायचं होतं ते आण्णांचं.

बैठकीला तीनेक महिने होऊन गेले असतील. दुपारची वेळ, दवाखान्यात मी एकटीच. आण्णा आले. हातात साखळी आणि साखळीला सुलतान. मी वाद घालायला कंबर कसून उभी राहिले. माझ्याकडे तीन महिन्यांचा साठलेला माल होता.

"ह्याला खच्ची करा," आण्णा म्हणाले.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "सुलतानला?"

"दुसरा कोण दिसतोय का?" ते बाकावर बसले. बारीक झाले होते, दाढी वाढली होती. घरात ते, सुलतान, ज्युली आणि स्वयंपाकाला येणारी बाई, एवढंच उरलं होतं हे गावात मी ऐकलं होतं. "ज्युलीलाबी आणतो पुढच्या आठवड्यात. बास झालं."

मी फॉर्म काढला. नर, जात, वय, मालकाचं नाव. सुलताननं शहाण्यासारखा माझा हात हुंगला. खरंच राजबिंडा कुत्रा होता. आण्णा त्याच्याकडे बघत नव्हते.

"डॉक्टर," ते म्हणाले. पहिल्यांदाच. "येक विचारतो. खरं सांगायचं. तुम्ही खोटं सांगत न्हाईसा."

"विचारा."

"माझ्या विक्रांतकडं जो खवट दाणा हाय, त्यो त्याला माझ्याकडनं आला आसंल, का त्याच्या आईकडनं?"

मला उत्तर माहीत होतं. ते इतकं सोपं होतं की त्यांना कसं सुचलं नाही, याचंच मला नवल वाटलं. संजीवनीचा दाणा वसंतरावांच्या घरातून आला. विक्रांतची आई म्हणजे वसंतरावांची सख्खी बहीण. तोच दाणा, तेच घर, सुलतान आणि ज्युलीसारखंच. शंभरातल्या नव्याण्णव वेळा आण्णा डुबलांचे दोन्ही दाणे चांगले होते. शेंगदाणे चावत ते जे म्हणाले होते, ते त्यांच्यापुरतं खरंच होतं.

हे मी बोलले असते तर त्यांना सुलतानला घेऊन घरी जाता आलं असतं. बघा, खोट त्याच घरची, आमची नाही, असं गावभर सांगता आलं असतं. आणि मी खोटं लिहून देत नाही, असं ह्याच माणसाला तोंडावर सुनावलेलं होतं.

ते माझ्याकडे बघत होते. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते लपवायची कटकट त्यांनी केली नव्हती.

"ते सांगता येत नाही, आण्णा," मी म्हणाले. "कुणाकडूनही आला असेल."

ते सुलतानच्या पट्ट्याशी चाळा करत राहिले.

"मग माझाच धरा," ते म्हणाले. "ती बिचारी गेली. तिला कशाला नाव ठिवायचं आता? पोराला तसंच कळवतो. म्हणावं, बापाचा दाणा हुता, घरला या."

त्यांनी फॉर्म पुढं ओढला आणि मालक म्हणून सही केली. मी त्यावर शिक्का मारला.